तुमचा पिन नेमका कुणाला कळतो?



पालकसभा संपली की काही माता मागे थांबतात. मुलांच्या अभ्यासाचे बोलणे बाजूला राहते आणि घरातले प्रश्न निघतात. हल्ली एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "टीचर, दुकानात मोबाईलवरून पैसे देताना आम्ही पिन टाकतो. ते आकडे ॲपवाल्या कंपनीला कळत असतील ना? बँकेतल्या साहेबांना दिसत असतील ना?" आणि लगेच पुढचे वाक्य येते, "म्हणून मी त्या भानगडीत पडतच नाही. पिन पोराला सांगून ठेवलाय, तोच टाकतो."

पहिल्या प्रश्नापेक्षा मला या दुसऱ्या वाक्याची जास्त काळजी वाटते. आपल्या इस्लामपुरात आता भाजीच्या पाटीपासून संभूआप्पा-बुवाफन उरूसातल्या खेळण्यांच्या गाड्यापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड लागलेले आहेत. २०२४ पासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये थेट बहिणींच्या खात्यात येऊ लागले. मुलांची शिष्यवृत्तीही खात्यातच येते. घरातल्या अनेक बायकांचे स्वतःच्या नावाचे खाते पहिल्यांदाच असे चालते झाले आहे. यंत्राला घाबरून त्या खात्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली, तर खाते नावापुरतेच आपले राहते. म्हणून पिन टाकल्यावर त्याचे पुढे काय होते, तो कुणाला दिसतो आणि कुणाला दिसत नाही, हे या महिन्यात नीट समजून घेऊ. विषय संगणकाचा आहे, पण गिरणी, कुलूप आणि किल्ली एवढ्यावर तो समजतो.

घरगुती कुलूप का चालत नाही

माहिती अशी बदलून लिहायची की ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच ती वाचता यावी, याला एन्क्रिप्शन म्हणतात. कल्पना जुनी आहे. जनावरांच्या बाजारात दलाल हातावर रुमाल टाकून खाली बोटे धरतात आणि भाव ठरवतात, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. भोवती गर्दी असते, सगळ्यांना रुमाल दिसतो, पण भाव त्या दोघांनाच कळतो.

सातवी-आठवीची मुलेही वर्गात चिठ्ठ्या लिहितात. क च्या जागी ख, ख च्या जागी ग, असे प्रत्येक अक्षर एक घर पुढे सरकवायचे. मुलांना वाटते की कुणालाच कळणार नाही. अशी चिठ्ठी मी फळ्यावर लिहून काढते आणि वर्गालाच उलगडायला सांगते. मजकूर जरा मोठा असला की एका तासाच्या आत कुणीतरी उलगडतेच, कारण काही अक्षरे भाषेत पुन्हा पुन्हा येतात. मराठीत काना जागोजागी दिसतो, उर्दूत अलिफ. जे चिन्ह सर्वांत जास्त वेळा आले, ते बहुधा त्याच अक्षराचे असणार, असा माग काढत जायचे.

ही युक्ती जगात पहिल्यांदा लिहून ठेवणारा विद्वान म्हणजे अल-किंदी. नवव्या शतकात कुफा इथे जन्मलेला आणि बगदादमध्ये अब्बासी खलिफांच्या काळात काम केलेला हा तत्त्वज्ञ. गुप्त मजकूर उलगडण्यावर त्याने एक रिसाला लिहिला आणि अक्षरे मोजून कूट कसे फोडायचे ते त्यात सांगितले. गुप्तलेखनासाठी इंग्रजीत जो 'सायफर' शब्द आहे, तोही अरबी 'सिफ्र' म्हणजे शून्य यावरून आलेला आहे.

अल-किंदीचा धडा आजच्या संगणकालाही लागू आहे. साध्या डोक्याने तयार केलेले कूट टिकत नाही. एखाद्या सोसायटीसाठी, दुकानासाठी किंवा शाळेसाठी प्रोग्राम लिहिणारा मुलगा हुशार असतो, पण पक्के कूट तयार करणे हे त्याचे काम नव्हे. शिवाय १८८३ मध्ये ऑगुस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली. कुलपाची रचना शत्रूला माहीत झाली तरी चालले पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आता ही किल्ली प्रोग्रामच्या आतच लिहून ठेवली, तर तो प्रोग्राम ज्याच्या हाती पडेल त्याला किल्लीही मिळेल. दाराला महागाचे कुलूप लावावे आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवावी, तसा हा प्रकार.

दळण गिरणीत

यावर संगणकाच्या लोकांनी जो मार्ग काढला, तो आपल्या रोजच्या व्यवहारातलाच आहे. आपण घरोघरी पिठाची गिरणी बसवत नाही. दळण घेऊन गिरणीत जातो आणि पीठ घेऊन परत येतो. जात्याची टाकी, मोटार, पट्टा, सगळी काळजी गिरणीवाल्याची.

तसेच एन्क्रिप्शनचे काम करणारी एक वेगळी सेवा उभी करायची. किल्ली फक्त त्या सेवेकडे राहील. बाकीचे प्रोग्राम, मग तो बँकेचा असो की रेशन दुकानाचा, त्या सेवेला हाक मारतील, "हा मजकूर घे आणि कुलूपबंद करून दे", किंवा "हा कुलूपबंद पिन बरोबर आहे का ते पाहून सांग". सेवा काम करील आणि उत्तर देईल. किल्ली मात्र कुणाच्याच हातात देणार नाही.

एका संगणकावरच्या प्रोग्रामने दुसरीकडच्या प्रोग्रामला अशी हाक मारणे, याला संगणकशास्त्रात 'रिमोट प्रोसिजर कॉल' म्हणतात. सोप्या भाषेत, लांबच्या कामाला मारलेली हाक. ही हाक प्रत्यक्षात कशी चालवायची, याची नीट मांडणी अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन या दोघांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. दोघे कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात होते. झेरॉक्स म्हणजे तीच, जिच्या नावाने आपण छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतो. त्यांचा मुद्दा असा की हाक मारणाऱ्या प्रोग्रामला ते काम स्वतःच्या घरातच होत असल्यासारखे वाटावे. मधली तार, निरोपाची बांधाबांध, पोचपावती या सगळ्याची उस्तवार त्याला करावी लागू नये.

पण गिरणीचे उदाहरण इथे एका जागी अडते. घरातून गिरणीपर्यंत डबा जातो तेव्हा वाटेत कुणी तो उघडून पाहिला तर? आणि वाटेत एखाद्याने "मीच गिरणीवाला" म्हणून डबा ठेवून घेतला तर? पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, बिरेल यांनी याच प्रश्नावर दुसरा लेख लिहिला. हाक आणि उत्तर दोन्ही वाटेत कुलूपबंद असावीत, हाक मारणाऱ्याची ओळख पटावी, ओ देणाऱ्याचीही ओळख पटावी आणि हे सगळे त्या सेवेनेच सांभाळावे, असा त्याचा आशय होता. ओळख दोन्ही बाजूंची पटली पाहिजे, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे पुण्याचे उदाहरण येईल तेव्हा ती लागेल.

मोहम्मद अतल्ला यांची पेटी

बँकांच्या जगात ही वेगळी ठेवलेली किल्ली आधीच आलेली होती. तिच्यामागे इजिप्तमधल्या पोर्ट सईद गावी १९२४ मध्ये जन्मलेले अभियंते मोहम्मद अतल्ला होते. कैरोत शिकून ते अमेरिकेला गेले. बेल लॅबमध्ये दावन कांग यांच्यासोबत १९५९ मध्ये त्यांनी जो ट्रान्झिस्टर बनवला, त्याच जातीचे अब्जावधी ट्रान्झिस्टर आज प्रत्येक मोबाईलच्या चिपमध्ये आहेत. १९७० च्या दशकात ते बँकांच्या सुरक्षेकडे वळले आणि त्यांनी एक पेटी तयार केली. लोक तिला 'अतल्ला बॉक्स' म्हणू लागले. बँकेच्या संगणकाशेजारी ही पेटी वेगळी बसवायची. पिन कुलूपबंद करणे आणि तपासणे हे काम पेटीच्या आत होणार, बँकेचा संगणक फक्त विचारणार आणि पेटी उत्तर देणार.

आजही बँकांमध्ये अशाच पेट्या असतात. त्यांना हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल, थोडक्यात एचएसएम, म्हणतात. जबरदस्तीने उघडायला गेले तर आतली किल्ली पेटी स्वतःच पुसून टाकते. मुख्य किल्ली पेटीत भरतानाही ती एका अधिकाऱ्याच्या हातात पूर्ण नसते. तिचे तुकडे वेगवेगळ्या माणसांकडे असतात आणि ते सगळे हजर असल्याशिवाय किल्ली जुळत नाही. मशिदीच्या चंद्याच्या पेटीला दोन कुलपे लावून किल्ल्या दोन विश्वस्तांकडे ठेवतात, त्यामागे जो विचार असतो तोच इथे आहे. एकट्या माणसावर अमानतीचा सगळा भार टाकू नये. त्यातच त्या माणसाचेही भले असते, कारण उद्या काही झाले तर त्याच्याकडे बोट दाखवले जात नाही.

तुमच्या मोबाईलवर काय होते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यूपीआय चालवणारी संस्था म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजेच एनपीसीआय. ती २००८ मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय मुंबईत आहे. एप्रिल २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईतच यूपीआयचा प्रारंभ झाला.

तुम्ही कोणतेही ॲप वापरा, दुकानदाराचे नाव आणि रक्कम टाकेपर्यंत पडदा त्या ॲपचा असतो. पण पिन टाकायची वेळ आली की पडदा बदलतो. नीट पाहिले तर लक्षात येईल की वेगवेगळ्या ॲपमध्येही पिनचा पडदा साधारण एकसारखाच दिसतो. वर बँकेचे नाव, रक्कम, पैसे कुणाला जाणार त्याचे नाव आणि खाली आकडे. हा पडदा ॲपचा नसतो. तो एनपीसीआयने सर्व ॲपना दिलेल्या एका सामाईक भागाचा असतो. ॲप त्या भागाला हाक मारते, "या व्यवहारासाठी पिन घे." तो भाग पिन घेतो, तिथल्या तिथे कुलूपबंद करतो आणि ॲपच्या हातात फक्त बंद पाकीट देतो. ॲप ते पाकीट पुढे पोचवते. आत काय आहे, ते ॲपला वाचता येत नाही.

पण किल्ली मोबाईलमध्ये नसेल तर मोबाईल कुलूप लावतो कसा, असा प्रश्न आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारला होता आणि तो योग्यच होता. याचे उत्तर १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या दोन संशोधकांनी दिले. दाबले की लागणारे कुलूप आपण वापरतोच. ते लावायला किल्ली लागत नाही, उघडायला मात्र लागते. मोबाईलमध्ये असे उघडे कुलूप दिलेले असते. ते कुणीही लावू शकते, पण उघडण्याची किल्ली पलीकडच्या यंत्रणेकडेच असते. तिथून पिन तुमच्या बँकेच्या कुलपात बंद होऊन बँकेकडे जातो आणि तो बरोबर की चूक, एवढेच उत्तर परत येते.

तेव्हा मातांच्या प्रश्नाचे उत्तर असे. ॲपवाल्या कंपनीला पिन कळत नाही. दुकानदाराला कळत नाही. बँकेच्या काउंटरवरच्या साहेबांनाही तो पाहायला मिळत नाही, म्हणूनच पिन विसरला तर कुणी तो शोधून सांगू शकत नाही, नवाच तयार करावा लागतो. या सगळ्या साखळीत पिन उघडा सांगू शकणारे एकच माणूस असते, ते म्हणजे तुम्ही.

रेशन दुकानातला अंगठा

ज्यांच्याकडे मोबाईल नाही, त्या दादी-नानींचा व्यवहार अंगठ्यावर चालतो. रेशन दुकानात अंगठा, पेन्शनचे पैसे काढताना अंगठा. सेवा केंद्रात कधी कधी केंद्रचालक म्हणतो, "आरडी सर्व्हिस चालत नाही, थोडं थांबा." ही आरडी सर्व्हिस म्हणजे काय?

पूर्वी ठसा घेणारे यंत्र नुसता ठसा घेऊन संगणकातल्या प्रोग्रामकडे देत असे. मधल्या प्रोग्रामने तो साठवून ठेवला, तर नंतर पुन्हा वापरण्याचा धोका होता. म्हणून आधार प्राधिकरणाने २०१७ च्या सुमारास नोंदणीकृत यंत्रे सक्तीची केली. आता केंद्रचालकाचा प्रोग्राम ठसा थेट घेऊ शकत नाही. तो यंत्राच्या आरडी सर्व्हिसला हाक मारतो. ती सेवा ठसा घेते, त्यावर वेळेची नोंद करते, प्राधिकरणाच्या कुलपात बंद करते आणि बंद पाकीट प्रोग्रामकडे देते. कालचे पाकीट आज पुन्हा पाठवले तर ते चालत नाही.

तरीही एक फट राहते. सेवा तिच्यापुढे ठेवलेला अंगठा पाहते. तो अंगठा कोणत्या रकमेसाठी ठेवला आहे, हे म्हाताऱ्या दादीला वाचता येत नसेल तर पडद्यावर काहीही लिहिता येते. "ठसा नीट आला नाही, परत ठेवा" असे खोटे सांगून दोन व्यवहार करता येतात. तेलंगणात २०१८ मध्ये तर नोंदणीच्या दस्तांवरचे अंगठ्यांचे ठसे उतरवून त्यावरून बनावट ठसे तयार केल्याचे प्रकरण उघड झाले होते. कुलूप पक्के होते, पण हाक मारणारा खोटा होता.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत कुणीतरी जावे, प्रत्येक व्यवहाराची पावती मागावी आणि ठसा पुन्हा मागितला तर आधीचा व्यवहार झाला की नाही ते आधी पाहावे. ज्यांना अंगठ्यावर पैसे काढायचेच नसतात, त्यांना आधारच्या ॲपवरून आपले ठसे लॉक करून ठेवता येतात. लागतील तेव्हा ते उघडता येतात.

ओ देणारा खोटा असेल तर

आता पुण्याची घटना. कॉसमॉस ही १९०६ मध्ये सुरू झालेली जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवारचा दिवस. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी बारा हजारांच्या आसपास व्यवहार झाले. भारतातही पैसे काढले गेले, त्यात आपल्या शेजारचे कोल्हापूर होते. १३ ऑगस्टला आणखी एक रक्कम हाँगकाँगच्या खात्यात वळवली गेली. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले.

हे झाले कसे? एटीएम पैसे देण्यापूर्वी बँकेच्या यंत्रणेला हाक मारून विचारते, "या कार्डावर एवढे पैसे देऊ का?" बँकेची मुख्य यंत्रणा खाते पाहते आणि हो किंवा नाही सांगते. चोरांनी मधल्या भागात घातक प्रोग्राम घुसवला आणि तिथे स्वतःचा एक तोतया उभा केला. विचारणा खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचलीच नाही. तोतया प्रत्येक हाकेला "हो, दे" असे उत्तर देत राहिला. एकाही खातेदाराचा पिन फोडावा लागला नाही. ग्राहकांच्या खात्यांतली रक्कम कमी झाली नाही, तोटा बँकेचा झाला, असे बँकेने तेव्हा स्पष्ट केले होते.

आपल्या सांगली-सातारा भागात सहकारी बँका आणि पतसंस्था गावोगाव आहेत. साखर कारखान्याच्या बिलापासून लग्नाच्या कर्जापर्यंत आपले सगळे व्यवहार त्यांच्याशी. तुमच्यापैकी काही जण अशा संस्थांचे संचालक असतील, काही सभासद असतील. वार्षिक सभेत लाभांशाबरोबर हेही विचारायला हरकत नाही. आपल्या संस्थेच्या किल्ल्या कुठे ठेवल्या आहेत? एटीएमला उत्तर देणाऱ्या यंत्रणेची ओळख कशी तपासली जाते? अचानक शेकडो व्यवहार झाले तर शनिवार-रविवारी ते पाहायला कुणी असते का? असे विचारण्याचा सभासदाला पूर्ण हक्क आहे.

कागदाचे कुलूप

संगणकातली माहिती सांभाळण्यासाठी एवढी यंत्रणा उभी आहे. आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांनी ते क्रमांक वेगळ्या, एन्क्रिप्ट केलेल्या तिजोरीत ठेवावेत, त्याची किल्ली एचएसएममध्ये असावी आणि बाकीच्या कामांसाठी क्रमांकाऐवजी एक संदर्भ-संख्या वापरावी, असे आधार प्राधिकरणाने जुलै २०१७ मध्ये सांगितले. आणि आपण काय करतो? सिमकार्डासाठी, भाड्याच्या खोलीसाठी, लॉजच्या वहीसाठी आधारची झेरॉक्स काढतो आणि बिघडलेली प्रत दुकानातच टाकून येतो. दुसऱ्या दिवशी त्याच कागदात शेंगदाणे बांधून मिळतात.

जिथे चालते तिथे पहिले आठ आकडे झाकलेले 'मास्क्ड आधार' द्यावे. ते आधारच्या संकेतस्थळावरून मोफत मिळते. प्रत दिलीच तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहावी. मुलांची आधारची चित्रे वर्गाच्या किंवा मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत. शाळेला हवी असतील तर शाळेत येऊन द्यावीत.

घरात काय ठरवावे

पहिली गोष्ट सर्वांना पाठ असावी. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन फक्त खात्यातून पैसे जाताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. "बक्षीस लागलंय, पिन टाका म्हणजे खात्यात जमा होईल" असे कुणी म्हणाले की तिथेच फोन ठेवावा. पूर्वी भामटे 'पैसे मागण्याची विनंती' पाठवून लोकांकडून पिन टाकून घेत. हा प्रकार इतका वाढला की एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली. खोटी हाक थांबवण्यासाठी हाकेचे दारच बंद करावे लागले.

दुसरी गोष्ट. पिनच्या पडद्यावर नाव आणि रक्कम वाचल्याशिवाय बोट लावू नये. घाई दुकानदाराला असते, पैसे आपले असतात.

तिसरी गोष्ट. लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलन म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' फाईल उघडू नये आणि अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपला पडदा त्याला दाखवणारे ॲप घेऊ नये. असे ॲप आत शिरले की आपल्याच मोबाईलमधून, आपल्या नावाने तो हाका मारू लागतो आणि मग खरी यंत्रणाही त्याला ओ देते.

चौथी गोष्ट. फसवणूक झाली तर लाज बाळगून गप्प बसू नये. लगेच बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये नियम घालून दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सहकारी बँकांनाही तो लावला. चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने तक्रार केली, तर तोटा त्याच्यावर येत नाही. पण त्याने स्वतःच पिन सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंत जे गेले ते त्याचे गेले. पिन मुलाला सांगितला की मित्राला, हे नियम पाहत नाही.

आणि शेवटची गोष्ट घरातल्या तरुण मुलांसाठी. अम्मीला, दादीला मोबाईल जमत नाही म्हणून तिचा पिन विचारून घेणे म्हणजे मदत नव्हे. एक दिवस शेजारी बसावे, दहा रुपये तिच्याच हाताने कुणाला तरी पाठवायला लावावेत, चुकले तर पुन्हा करायला लावावे आणि ती पिन टाकत असताना तोंड दुसरीकडे फिरवावे. ॲपवाल्या कंपनीला, दुकानदाराला, बँकेच्या अधिकाऱ्याला जो पिन पाहता येऊ नये म्हणून एवढी मोठी यंत्रणा उभी आहे, तो घरातल्यांनीही मागू नये. खाते तिच्या नावाचे आहे, तर त्याची किल्लीही तिच्याच मनात राहू द्या.